तुरीवर लागलेला ब्रेक

गेल्या महिन्यात सरांचा निरोप समारंभ झाला. शाळेच्या मैदानात मांडव, शाल, श्रीफळ, फेटा, मुलींचं स्वागतगीत. एकामागून एक माणसं उठून सरांबद्दल चांगलं बोलत होती. सूत्रसंचालन आमच्या पीटीच्या सरांकडं होतं. ते म्हणाले, "सर आयुष्यात कुठंच थांबले नाहीत." त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. मला बोलायला कुणी सांगितलं नाही. पीटीच्या सरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि घाईघाईनं पुढचं नाव पुकारलं. शहाणा माणूस. मी उठले असते तर पुढच्या जेवणावळीचा विचका झाला असता. तिथं जे बोलता आलं नाही ते इथं लिहिते आहे. सरांचं नाव लिहिणार नाही. आमच्या भागात त्यांचं नाव काढलं की लोक अजूनही हात जोडतात, आणि मला नेमकी त्या जोडलेल्या हातांची चीड आहे.

आमची शाळा अहमदपूर ओलांडून नांदेडकडं जाताना रस्त्याला अगदी लागून आहे. फाटक उघडलं की समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं गाव. पहिलीपासून दहावीपर्यंतची सगळी लेकरं हा रस्ता ओलांडूनच शाळेत येतात. आम्ही मास्तर मंडळी मात्र लातूरची. मराठवाड्यातल्या नोकरदाराला कुठं असता म्हणून विचारलं तर तो दोन गावांची नावं सांगतो, एक नोकरीचं आणि एक राहायचं. मधल्या धावपळीला आम्ही अप-डाऊन म्हणतो. सरांची पांढरी गाडी होती, आम्ही चौघं त्यांच्याबरोबर जायचो. गाडी सरांची, रस्ता सरांचा आणि त्या तासाभरापुरता जीवही सरांचाच.

गाडीत बसण्याआधी सर बूट काढायचे. मोजे काढून त्यात खुपसायचे आणि अनवाणी पायानं गाडी चालवायचे. देवळात बूट घालून जाता का, असं विचारायचे. इंजिनाची नाडी तळपायाला लागते, बुटातून लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते बूट माझ्या पायाशी ठेवलेले असत, कारण पुढच्या सीटवर मी बसायचे. मागं बसलेले तिघं निवांत झोपायचे. मला झोप लागणं शक्यच नव्हतं. मी दोन्ही पाय समोर रोवून, दाराचं हँडल धरून, बाई माणसाला येतात तेवढी सगळी स्तोत्रं मनात म्हणत लातूर ते शाळा जायचे.

सर लातूरजवळच्या मुरुडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. गणित शिकवायचे आणि फार सुंदर शिकवायचे, हे मी शपथेवर सांगेन. एखाद्या पोरीला भागाकार जमत नसला की मधली सुट्टी सोडून तिच्याजवळ बसायचे. तिला कळेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगायचे, आवाज चढवायचे नाहीत. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं तर खिशातली गोळी द्यायचे. पानटपरीवर उभे राहिले तर घटकाभर हलायचे नाहीत. लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत थांबायचे. या माणसाला कसलीही घाई नव्हती. घाई व्हायची ती फक्त स्टेअरिंग हातात आल्यावर.

एकदा आमच्या एका सहकाऱ्याच्या भावाचं लग्न धर्माबादला होतं. सरांनी लातूरहून गाडी अशी पिटाळली की आम्ही वऱ्हाडाच्या आधी मांडवात हजर. मांडववाले अजून खुर्च्या उतरवत होते. मग सरांनी एक सतरंजी मागून घेतली आणि अक्षता पडेपर्यंत तिच्यावर घोरत पडले. मी म्हटलं, "सर, झोपायचंच होतं तर सावकाश यायचं की." ते एक डोळा उघडून म्हणाले, "मॅडम, पोचल्यावरची झोप येगळीच असती." येताना सगळ्यांना धर्माबादची लाल मिरची घेऊन दिली. असे होते ते. दिलदार.

त्यांची वाक्यं ठरलेली होती. "वेग म्हणजे काय? अंतर भागिले वेळ. अंतर तर सरकारनं ठरवलं, आपल्या हातात फक्त वेळ हाय." दुसरं आवडतं वाक्य, "ब्रेक मारणारा माणूस गणितात कच्चा असतो." पुढच्या ट्रकचा वेग, समोरून येणाऱ्या एसटीचा वेग, मधली जागा, सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात म्हणे आपोआप व्हायचा. हॉर्नचेही प्रकार होते. म्हशीला वेगळा, ट्रॅक्टरला वेगळा, सायकलवाल्या म्हाताऱ्याला वेगळा. आणि वाटेतल्या प्रत्येक देवळापाशी हॉर्नचा एक लांब सूर, त्याबरोबर दोन्ही हात स्टेअरिंगवरून सुटून छातीशी जोडलेले. काटा शंभराच्या पुढं आणि सरांचे डोळे क्षणभर मिटलेले. मागचे तिघंही झोपेतून उठून हात जोडायचे. मी डोळे उघडे ठेवायचे. गाडीत एकानं तरी रस्त्याकडं बघायला हवं होतं.

बेल्ट ते कधी लावायचे नाहीत. बेल्ट लावला नाही की गाडी टिवटिव करते, म्हणून बाजारात बेल्टची नुसती पितळी जीभ मिळते. ती खाचेत खुपसली की गाडी गप्प. एका संक्रांतीला सरांनी तिळगुळाबरोबर अशी एकेक जीभ सगळ्यांना वाटली. मला देताना म्हणाले, "घ्या मॅडम, हे आमचं वाण." सगळे खो खो हसले. मीही हसले असेन, संक्रांत होती. ती जीभ अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. दर वर्षी फेकून द्यायला काढते आणि परत ठेवते.

कुत्रं, म्हैस, एसटी, लग्नाची वरात, कशालाही न थांबणारा हा माणूस एका गोष्टीला मात्र हटकून ब्रेक मारायचा. ती म्हणजे रस्त्यावर टाकलेली तूर. आमच्याकडं जानेवारीत तूर कापली की लोक तिच्या पेंढ्या सरळ डांबरावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली शेंगा फुटतात, मळणी आयती होते. पण वाळलेल्या काड्या गाडीच्या पोटाखाली गुंडाळल्या जातात आणि तापलेल्या सायलेन्सरला चिकटून पेट घेतात. सरांच्या गाडीखालून एकदा असाच धूर निघाला होता. तेव्हापासून लांबून तूर दिसली की सर गाडी मुंगीच्या पावलानं नेत आणि शेतकऱ्याच्या सात पिढ्या उद्धारत. स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. पण गाडीवर ओरखडा उठला तर त्यांना दोन दिवस जेवण जात नसे.

मी त्यांची गाडी सोडली ती उसाच्या ट्रॅक्टरमुळं. धुक्याची सकाळ होती. समोर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही की लाल फडकं नाही. त्या कशाबशा दिसल्या तेव्हा सरांनी ब्रेक मारण्याऐवजी उजवीकडं घातली. समोरून टेम्पो येत होता. टेम्पोवाला रस्ता सोडून खाली शेतात उतरला म्हणून आम्ही पाचही जण वाचलो. माझ्या तोंडून किंचाळी निघाली. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, एकदा बीपी तपासून घ्या." मागून पीटीचे सर हसले. पुढच्या फाट्यावर मी गाडी थांबवायला लावली, पायाशी असलेले त्यांचे बूट नीट सीटवर ठेवले आणि उतरले. त्या दिवसापासून एसटी. कधी शाळा भरल्यावर पोचायचे, हेडमास्तर घड्याळाकडं बघायचे. स्टाफरूममध्ये माझी चेष्टा व्हायची. मी कुणाशी वाद घातला नाही. एसटीच्या खिडकीतून रोज त्यांची गाडी आम्हाला मागं टाकताना दिसायची, आणि शाळेत पोचल्यावर सर फाटकासमोरच्या टपरीवर पायावर पाय टाकून चहा पीत बसलेले असायचे. एवढा जीव मुठीत धरून जे काही कमावलं होतं ते बशीत ओतून फुंकर मारत प्यायचे.

आता मावशींचं सांगते. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या मावशी. घर रस्त्यापलीकडं, गावाच्या पहिल्या ओळीत. नवऱ्याला सगळं गाव आबा म्हणतं. चार-पाच एकर कोरडवाहू रान, मुलगा पुण्यात कंपनीत. सून बाळंतपणासाठी माहेरी जायची होती, पण दिवस आधीच भरले. एका दुपारी मावशी हातातलं उलथणं तसंच घेऊन व्हरांड्यात पळत आल्या. "सर, सुनंचं लई वाईट झालंय. रगत थांबंना. अँब्युलन्सवाले म्हनतेत दुसऱ्या गावाला गेलीय."

सर वर्गातून फळ्यावरचं गणित अर्धं टाकून निघाले. सुनेला मागच्या सीटवर घेऊन मी बसले, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आमच्या गावातून रस्ता तेव्हा नुकताच सिमेंटचा झाला होता, रुंद आणि गुळगुळीत. नांदेडपर्यंत सरांनी गाडी कशी नेली ते मला सांगता येणार नाही. मी खाली तिच्या पांढऱ्या पडत चाललेल्या ओठांकडं बघत होते. एका ठिकाणी गर्दीत सरांनी वेग जरा कमी केला तेव्हा मीच ओरडले, "सर, पळवा!" डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर आई आणि बाळ दोघंही हाती लागले नसते. मुलगी झाली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर सर अनवाणी बसले होते, डोळे पुसत होते. मावशींनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या क्षणी मलाही वाटलं की आपणही ठेवावं.

बारशाला नाव सरांनीच सुचवलं, गती. मावशींना ते नाव कधी आवडलं नाही, त्या तिला बाय म्हणायच्या. पण सरांचा शब्द कोण मोडणार? त्या दिवसापासून सर गावाचे देव झाले. पुढं कुणाला साप चावला, कुणाच्या छातीत कळ आली, की लोक आधी सरांकडं पळायचे. "सरांच्या हाताला यश हाय," असं म्हणायचे. त्यातली दोन-तीन माणसं खरंच वाचली, हे मी नाकारत नाही.

पण मरणाऱ्याला घेऊन जाताना जो वेग लागतो तोच वेग टपरीवर चहा प्यायला पोचायला कशाला लागतो, हा प्रश्न गावात कुणी विचारला नाही. जुना रस्ता होता तेव्हा खड्ड्यांनी सगळ्यांच्या कंबरा मोडायच्या, पण शाळेसमोर एक शेळीसुद्धा मेली नव्हती. नवा रस्ता झाला आणि पहिल्याच वर्षी तिथं दोन शेळ्या आणि एक मोटारसायकलवाला गेला.

गती पाच वर्षांची झाली त्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सकाळची वेळ. शाळा भरायला अजून अर्धा तास होता. माझी एसटी गावात शिरली तर शाळेसमोर गर्दी. मावशी खिचडीसाठी पाण्याची घागर घेऊन रस्ता ओलांडत होत्या. घागर एकीकडं पडली होती, मावशी बऱ्याच लांब दुसरीकडं. अंगावर कुणीतरी धोतर टाकलं होतं. या वेळी नांदेडपर्यंत पळवावं असं काही उरलं नव्हतं.

सर गाडीजवळ उभे होते. पायांत बूट नव्हते. पुढचा दिवा फुटून काचा सगळीकडं सांडल्या होत्या. गर्दीतून एक बाई म्हणाली, "आवो, सरांला कुनी तरी चपला द्या की, काचा रुततील पायात." आणि खरंच एक जण धावत जाऊन चपला घेऊन आला. मावशींच्या अंगावर अजून पूर्ण कापड नव्हतं आणि गाव सरांच्या तळपायांची काळजी करत होतं. हे दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि त्या गावाला त्याबद्दल माफही करणार नाही.

सर पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "ब्रेक मारला असता तर गाडी पलटी झाली असती. आत आम्ही चौघं होतो." बाकीचे तिघं माना डोलवत होते. एकाच्या बदल्यात चार, गणित बरोबर होतं. ब्रेक मारायची वेळच का यावी, हे त्या गणितात कुठं बसत नव्हतं.

पोलिसांना आबांनी स्वतः जबाब दिला की बायको अचानक आडवी आली. मला हे कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. आबा ओट्यावर बसले होते, गती त्यांच्या पाठीवर रेलून खेळत होती. मी जरा चिडूनच विचारलं, "आबा, असं कामून सांगितलं तुम्ही?"

आबांनी पोरीला पुढं ओढून मांडीवर घेतलं. "बाई, हिला त्येनीच आनलं. हिची माय बी त्येनीच वाचविली. आता त्येंच्यावर केस कोन्या तोंडानं करावं?"

"पण आबा, त्यांनी..."

"मला ठावं हाय त्येनी काय केलं ते," आबा म्हणाले. "तुमी चहा घेताव का?"

मी चहा घेतला नाही. घ्यायला हवा होता, त्या माणसाला तेवढीच सोबत झाली असती. पण मला तेव्हा त्यांचाही राग आला होता.

मग सरांनी पश्चात्ताप केला. म्हणजे त्यांच्या पद्धतीनं केला. गावात बोलणं सुरू झालं की ती जागाच वाईट आहे, जागा बळी मागते. कुणी सुरू केलं माहीत नाही, पण सरांनी ते उचलून धरलं. त्यांनी स्वखर्चानं त्या जागी, रस्त्याच्या अगदी कडेला, संगमरवरी मारुती बसवला. वर पत्रा, समोर घंटा. स्थापनेच्या दिवशी शाळेच्या लेकरांना बुंदी वाटली. आबांच्या हातून नारळ फोडून घेतला. त्यानंतर रोज सकाळी सरांची गाडी तिथं आली की हॉर्नचा लांब सूर, दोन्ही हात स्टेअरिंगवरून सुटलेले आणि डोळे मिटलेले. ज्या जागी मावशी गेल्या त्याच जागी आता रोज सकाळी गाडी विनाहाताची धावायची. सरांचं बघून टेम्पोवाले, जीपवाले, सगळेच तिथं हात जोडायला लागले. फाटकाजवळ उभी राहून मी ते बघायचे.

गावातल्या बायकांनी गतिरोधकाची मागणी केली. आधी कधी न बोलणाऱ्या बायका ग्रामसभेत बोलल्या. लेकरं ओलांडतात, एक उंचवटा टाका, एवढंच म्हणणं होतं. बहुतेक लोक तयार होते. मग सर उठले. शाळेचे म्हणून त्यांना बोलावलं होतं, आणि गंमत अशी की शाळेतल्या रस्ता सुरक्षा अभियानाचे प्रमुख तेच होते. दर जानेवारीत लेकरांना रांगेत उभं करून शपथ द्यायचे, भिंतीवर घोषवाक्यं लिहून घ्यायचे. त्यांचं अक्षर फार वळणदार होतं.

सरांनी गतीला जवळ बोलावलं. ती बिचारी आबांचा हात सोडून त्यांच्याकडं गेली, तिला सर आवडायचे. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "उंचवट्यावर गाडी आदळती. बाळंतीण बाई आत असली तर काय व्हईल? त्या दिवशी हितं गतिरोधक असता तर ही पोरगी जन्मली असती का? सांगा."

बायकांनी पदर पुढं ओढले. मी मागून म्हटलं, "आणि तो असता तर मावशी आज इथं बसलेल्या असत्या." दोन-चार माना वळल्या आणि परत पुढं झाल्या. मी बाहेरगावची, शिवाय एसटीनं येणारी. विषय पुढं ढकलला आणि तो तसाच राहिला. सभेतून निघताना आबा माझ्या शेजारून गेले. माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाले, "पोरीला कामून उभं केलं तेनं?" आवाज कापत होता. बायको गेली तेव्हाही तो मला इतका कापताना ऐकू आला नव्हता.

गतिरोधक आजही झालेला नाही. जानेवारीत तुरीच्या काड्या असतात तोवर आबा त्यांच्या परीनं काहीतरी करतात. बाकीचे महिने लेकरं उजवीकडं-डावीकडं बघून पळत सुटतात. आणि ते काहीतरी कसं सुरू झालं हे सांगायचं म्हणून तर मी लिहायला बसले.

ग्रामसभेनंतरचा जानेवारी. गती पहिलीत होती, वर्ग माझाच. रस्ता सुरक्षा सप्ताहाचा उद्घाटनाचा दिवस होता. मला सकाळची एसटी लवकर मिळाली होती, मी फाटकात उभी होते. रस्त्यापलीकडं लेकरं जमायला लागली होती, आज रॅली म्हणून जरा जास्तच. मारुतीपासून आमच्या फाटकापर्यंत, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आबांनी तुरीच्या काड्या पसरल्या होत्या. चांगला वीतभर थर. स्वतः कडेला डोक्याला मफलर बांधून बसले होते. एक टेम्पो आला, हळू झाला आणि कुरकुरत पार गेला. एसटी आली, तीही हळू झाली.

मग पांढरी गाडी आली. मारुतीपाशी हॉर्नचा लांब सूर सुरू झाला आणि मध्येच तुटला. सरांना काड्या दिसल्या असाव्यात. गाडीनं असा करकचून ब्रेक मारला की मागचे सगळे पुढच्या सीटवर आदळलेले मला फाटकातून दिसले. पलटी वगैरे काही झाली नाही. काड्यांच्या अलीकडं हातभर अंतरावर गाडी गपकन उभी राहिली.

दार उघडून सर तरातरा खाली उतरले. रागाच्या भरात बूट घालायचं विसरले आणि चार पावलं काड्यांत आल्यावर तुरीचे टोकदार बुडखे पायाला टोचायला लागले. एका पायावर उभं राहून दुसरा झाडत ते ओरडले, "आबा, काय हे?"

"तूर हाय, सर," आबा बसूनच म्हणाले.

"कुठाय तूर? एक शेंग न्हाई हितं. नुसत्या काड्या हायत."

"हाव. तूर कवाच झोडून झाली."

"मग ह्या कशाला टाकल्या? रस्त्यावर असं काही टाकणं गुन्हा हाय, आबा. आजच लेकरांना हेच सांगायलोय आम्ही. एखादी गाडी पेटली म्हणजे? आत माणसं हायत!"

गाडीतून पीटीचे सर अभियानाचा गुंडाळलेला फलक हातात घेऊन उतरले होते, ते तिथंच थबकले. आबा गुडघ्यांवर हात टेकत उठले. त्यांनी गाडीकडं पाहिलं, मग सरांच्या पायांकडं.

"तेवढ्यासाठीच टाकल्यात, सर," ते म्हणाले. "मानसासाठी तुमी थांबत न्हाईत, ते आमाला कळालं. मारुती बसविला, त्येला बी हात जोडून पुढं जाताव. गाडी जळंल म्हनल्यावर तरी थांबताव का, ते बघायचं होतं."

आवाज अजिबात चढलेला नव्हता. सरांनी रस्त्यापलीकडं बोट केलं.

"आबा, निदान ह्या नातीकडं बघून तरी..."

"तिच्याकडंच बघायलोय मी."

एवढं बोलून आबांनी पाठ फिरवली. पलीकडं लेकरांच्या घोळक्यात गती दप्तर सावरत उभी होती. आबांनी तिला हात केला आणि सगळ्या लेकरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चल बाय. सर थांबल्यात, तवर पलीकडं जा."